थुंकी तीच

धाकट्यानं हैदराबादहून डबी पाठवली.
म्हणाला, अण्णा, यात थुंक.
आधी अर्धा तास पान नाही, पाणी नाही.
बावन्न वर्षं साखर पेठेत थुंकतोय मी,
कुणी जपून लिफाफ्यात घातली नव्हती.

दोन महिन्यांनी नकाशा आला.
आंध्र, तेलंगण, दख्खन,
ठाऊकच होतं त्यात रंग भरलेला.
आणि पार वर, कागदाच्या डोक्यावर,
जिथं आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नाही तिथं
एक निळा ठिपका.
फिनलंड. नऊ टक्के.

मी जकार्डची कार्डं मारणारा.
पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सुई आत जाते, दोरा उचलतो,
नसेल तिथं दोरा खालीच.
मोर म्हणा, कमळ म्हणा, सगळं एवढ्यावर.
तेव्हा त्यांचं शास्त्र मला कळलं :
कुणीतरी माझी कार्डं उजेडापुढं धरली
आणि काही भोकं ओळखीची निघाली.
पण अशोक चौकात एकाच मोराच्या सतरा नकला हिंडतात,
पहिला मोर कुणाचा
हे कोर्टातही ठरलं नाही.

चिन्नव्वाला विचारलं.
विडीचं पान कातरता कातरता म्हणाली,
"तुझ्या आईचा आजा येल्लप्पा घाऱ्या डोळ्यांचा.
गिरणीत त्याला मांजऱ्या म्हणायचे.
त्याच्या आधी इंजिन बसवायला गोरे आलते की."
आणि पुढचं पान घेतलं.

धाकट्यानं स्वतःचंही तपासून घेतलं : चार टक्के.
म्हणाला, मी तुझ्यापेक्षा जास्त इथला.
म्हटलं, एकाच बीमावरच्या दोन चादरी बघ बे,
लाल दोरा कुठं किती वर येतो.

मग दिवाळीच्या सुमारास कंपनीनं हिशेब सुधारला.
नवाचे सहा झाले.
थुंकी तीच.
तीन टक्के मी कुठल्या रात्री कुठं सांडून आलो?

यादीत एक बाई सापडली, सिर्का लेहिकोइनेन.
नात्याच्या रकान्यात : लांबची चुलत, चार पिढ्या.
तिचं पत्र यंत्रानं मराठीत आणलेलं,
प्रत्येक वाक्य चादरीच्या उलट्या बाजूसारखं, पण नक्षी कळत होती.
लिहिलं होतं, "आकड्यावर फार विसंबू नका.
आमची माणसं थोडी, गावं दूरदूर.
दुष्काळात उरली त्यांनी उरलेल्यांशीच लग्नं केली.
तेच तुकडे सगळ्यांत फिरतात.
म्हणून यंत्राला आम्ही सगळे जवळचे वाटतो,
असतो दहा पिढ्या लांब."

मी एकटाच हसलो.
माझी बायको माझ्या मामाची मुलगी.
समोरचा रामलू एका बाजूनं साडू, दुसऱ्या बाजूनं भाचा,
पैसे बुडवतो तेव्हा कुणीच नाही.
आमच्या बोळातली थुंकी त्या यंत्राला दिली
तर ते सगळ्यांना सख्खे भाऊ ठरवील.
बर्फात असंच होतं म्हणायचं,
आणि बेचाळीसच्या उन्हातही.

तिनं फोटो पाठवला,
आईनं चिंध्यांची विणलेली सतरंजी, निळी-करडी.
कड सुटलेली होती. मी ती कशी बांधायची ते लिहून पाठवलं.
आणि विचारलं, तुमच्या वाफेच्या न्हाणीतला टॉवेल
सोलापूरचा तर नाही ना?
तिनं जाऊन पट्टी वाचली.
पोर्तुगालचा.

सहा टक्क्यांचा माणूस
फितर होता, खलाशी होता, की आणखी कुणी,
सिर्कालाही ठाऊक नाही.
धाकटा त्याचं नाव शोधत कुठल्या कुठल्या जहाजांच्या याद्या उघडतो.
येल्लप्पाच्या आईचं नाव कुणी शोधत नाही.
ती नकाशात आहे, इतक्या मोठ्या रंगात
की वेगळी दिसत नाही.
राजी होती का, भ्याली होती का, पैसे घेतले का,
यापैकी कशाला टक्का नाही.

परवा मी कार्ड मारत होतो.
चिन्नव्वा जेवणाचा डबा घेऊन आली, जाताना
दारातच थांबली.
"मागावर बसायची म्हणे," ती म्हणाली,
"डावखुरी होती."
कोण, ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

आज रात्री सिर्काला लिहायचंय :
डावा हात
कुठल्या देशात मोजतात?